बिनपगारी बढती

कॉलेज मोठं करायचे सरकारकडे दोन रस्ते असतात. पहिल्या रस्त्याने जायचं तर माणसं नेमावी लागतात, त्यांना पगार द्यावा लागतो, पुस्तकं घ्यावी लागतात, प्रयोगशाळेच्या नळाला पाणी आणावं लागतं. दुसऱ्या रस्त्याने जायचं तर एक शासन निर्णय काढला की भागतं. तालुक्याच्या गावांतल्या कॉलेजांची गेल्या दोन-अडीच दशकांत जी काही 'प्रगती' झाली, ती बहुतेक दुसऱ्या रस्त्याने झाली. आता त्याच रस्त्याने पदवीचं चौथं वर्ष आमच्या फाटकाशी येऊन उभं आहे, आणि संस्थाचालक स्वागताच्या फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा घ्यायचा या विचारात आहेत.

मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि मध्येच कुठे जिरतो हे विचारणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तोच प्रश्न चौथ्या वर्षाबद्दल विचारला की 'सर, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता' असं ऐकून घ्यावं लागतं. ऐकून घेतो. उत्तर मात्र कुणी देत नाही.

म्हणून सांगायचं ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्या कॉलेजात तीन वर्षं शिकवायला पुरेसे कायम शिक्षक नाहीत, त्याच्या गळ्यात चौथं वर्ष बांधणं म्हणजे बिनपगारी बढती आहे. हुद्दा वाढतो, पाटी बदलते, तिजोरीतून एक छदाम हलत नाही. आणि या बढतीचं बिल फाडलं जाणार आहे ते विद्यार्थ्याच्या नावाने, त्याच्या उमेदीच्या एका वर्षाचं.

कॉलेजची वर्षं वाढणं ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. मराठवाड्याला तर हे कुणी शिकवायला नको. निजामाच्या राज्यात औरंगाबादला इंटरपर्यंतचं कॉलेज होतं. पदवी हवी तर हैदराबाद गाठायचं आणि उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकायचं. साहजिकच ज्याच्या घरी जमीनजुमला, त्याचाच मुलगा पदवीधर. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. आणखी दोन वर्षं आपल्याच मुलखात शिकायला मिळाली की काय होतं, ते या भागाने तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं आणि पदवीसाठी हैदराबादची वाट धरायची गरज उरली नाही.

आमचं कॉलेजही असंच पायरीपायरीने चढलं. संस्थेची आधी शाळा होती. सत्तरच्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि शाळेच्याच आवारात अकरावी-बारावीचं ज्युनिअर कॉलेज उभं राहिलं. दोन वर्षांचं. बारावी झाली की मुलगे अंबाजोगाईला खोली करून राहायचे. मुली घरी बसायच्या. मग बी.ए. आलं, बी.कॉम. आलं, आणि त्याच घरांतल्या धाकट्या मुली एसटीचा पास काढून कॉलेजात यायला लागल्या. त्यांतल्या काही आज जिल्हा परिषदेच्या शाळांत मुख्याध्यापिका आहेत, कुणी तलाठी झाली, कुणी ग्रामसेविका. या वाढीला मी कशाला नावं ठेवू? तिच्यात एक सरळ व्यवहार होता. तुकडी वाढली की पद मंजूर व्हायचं, पद मंजूर झालं की जाहिरात निघायची, आणि माणूस यायचा. त्याचा पगार सरकार करायचं. तो माणूस कसा निवडला जायचा आणि त्यासाठी कुणाच्या ओसरीवर किती पैसे मोजावे लागायचे, ही वेगळी आणि तितकीच सडकी कथा आहे. पण निदान माणूस यायचा.

हा व्यवहार २००१ मध्ये मोडला. त्या वर्षी राज्याने नव्या महाविद्यालयांसाठी 'कायम विनाअनुदान' हे धोरण आणलं. कॉलेज हवं? खुशाल काढा. पगार मागायला मात्र मंत्रालयाची पायरी चढू नका. तेव्हापासून मंजुऱ्या भलत्याच स्वस्त झाल्या. ज्या मंजुरीसाठी तिजोरी उघडावी लागत नाही, ती देताना कुठल्याही पक्षाच्या सरकारचा हात आखडत नाही. उलट आमदारसाहेबांना वाढदिवशी जाहीर करायला काहीतरी मिळतं.

आणि जुन्या अनुदानित कॉलेजांचं काय? तिथे माणसं निवृत्त होत राहिली आणि भरती अडून राहिली. २०२१ मध्ये राज्याने सहायक प्राध्यापकांच्या २,०८८ पदांना परवानगी दिली तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. राज्यात अनुदानित महाविद्यालयं हजाराच्या बरीच वर आहेत. भागाकार करून पाहा. एका कॉलेजच्या वाट्याला दोनसुद्धा येत नाहीत.

जागा रिकामी ठेवता येते, तास रिकामा ठेवता येत नाही. म्हणून मग सीएचबी, म्हणजे 'क्लॉक अवर बेसिस'. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक हा महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणाचा खरा आधारस्तंभ आहे, आणि हे विधान मी सत्काराच्या भाषणातल्यासारखं करत नाही. नेट झालेला, सेट झालेला, पीएच.डी. झालेला माणूस दर वर्षी नव्याने मुलाखत देतो, तासाच्या हिशोबाने पैसे घेतो, तेही महिनोन्‌महिने उशिरा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचं कॉलेजशी नातं संपतं. आमच्या विभागातला एक सहकारी असाच आहे. तो दुसऱ्या वर्षाला किमान वेतन हा घटक शिकवतो. फळ्यावर कायद्याची कलमं लिहितो, मुलांना समजावून सांगतो की कामगाराला जगता येईल एवढं वेतन देणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. तास संपला की मोटारसायकलला किक मारून शेतात जातो, कारण घर चालतं ते सोयाबीनवर. त्याची बायको आशा सेविका आहे. ज्या महिन्यात तिचं मानधन वेळेवर येतं, त्या महिन्यात वाणी हसून बोलतो.

या पायावर आता चौथा मजला चढवायचा आहे.

हा मजला कुठून आला तेही सांगतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं. २०२२ च्या डिसेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीचा नवा आराखडा काढला: तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयं २०२३-२४ पासून या गाडीत बसली, आमच्यासारखी संलग्न महाविद्यालयं २०२४-२५ पासून. त्या हिशोबाने आमच्याकडे चौथ्या वर्षाची पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये बसणार. कुठे बसणार, हे विचारू नका. सकाळी खोल्या सीनियरकडे असतात, दुपारी ज्युनिअरकडे, आणि दोन्हींच्या मधल्या अर्ध्या तासात शिपाई झाडू मारतो. तेवढीच जागा शिल्लक आहे.

दिल्ली विद्यापीठाने चार वर्षांच्या पदवीचा हा प्रयोग २०१३ मध्ये केला होता. विद्यार्थी आणि शिक्षक रस्त्यावर आले, केंद्रातलं सरकार बदललं, आणि २०१४ च्या जूनमध्ये सगळं गुंडाळावं लागलं. २०२२ मध्ये तो तिथे पुन्हा सुरू झाला. देशाच्या राजधानीत, भरल्या ग्रंथालयांच्या कॉलेजांत जे एकदा तोंडावर आपटलं, ते पाटोदा-शिरूरच्या कॉलेजात एका परिपत्रकाने चालेल, असं मानायला जबरदस्त श्रद्धा लागते. धोरण राबवणाऱ्यांकडे ती आहे. शिकवावं त्यांना लागत नाही.

आता नव्या अभ्यासक्रमाची रचना पाहा. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, सीईपी, ओजेटी. प्रवेशाच्या वेळी ही यादी एका पालकाला वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, यात बी.ए. कुठंय?"

धोरण म्हणतं की विद्यार्थ्याला आवडीचा विषय निवडता यावा. कलेच्या मुलीला खगोलशास्त्र शिकता यावं, विज्ञानाच्या मुलाला संगीत. वाचायला फार गोड आहे. आमच्या स्टाफरूममध्ये ही निवड कशी होते ते सांगतो. जूनमध्ये टाइमटेबलची मीटिंग बसते. आधी कागदावर प्रत्येकाचा वर्कलोड मांडतात. आठवड्याला सोळा तास भरायला हवेत. कुणाचे किती कमी पडतात ते बघायचं. हिंदीच्या सरांचे चार कमी पडले, की पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना अचानक हिंदीची आवड निर्माण होते. ओपन इलेक्टिव्हच्या रकान्यात खूण आधीच केलेली असते; मुलाने खाली सही तेवढी करायची. भारतीय ज्ञानप्रणालीचा पेपर क्रीडा संचालकांकडे गेला, कारण योगासनं त्यांच्याकडे आहेत. ते सज्जन गृहस्थ आहेत. रात्री जागून आर्यभटावर नोट्स काढतात आणि सकाळी कबड्डीच्या पोरांना घेऊन मैदानावर असतात. दोष त्यांचा नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

ओजेटीचं प्रकरण त्याहून बहारीचं. ऑन जॉब ट्रेनिंग: चार श्रेयांक, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव. पुण्या-मुंबईत हे जमेलही. आमच्या गावात आहे काय? एक जिनिंग, तीही कापसाच्या हंगामापुरती. काही कृषी सेवा केंद्रं, दवाखाने, तहसील. आणि बुडालेल्या पतसंस्थांच्या शाखा. तिथे शटरपाशी ठेवीदार रोज येतात, तेव्हा ग्राहकांशी कसं बोलावं याचं प्रशिक्षण तिथे उत्तम मिळू शकेल. बाकी मुलांचं ओजेटी झेरॉक्सच्या दुकानात होणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे अनुभव मिळत नाही, अनुभवाचं सर्टिफिकेट मात्र तिथेच छापून मिळतं.

आणि आमच्या पटावर अशी मुलं आहेत ज्यांना कामाचा अनुभव कुणी द्यायची गरज नाही. दिवाळीच्या पुढेमागे ट्रक-ट्रॅक्टर भरतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. आई-बापाच्या कोयत्याबरोबर आमची काही पोरंही जातात. जी मागे राहतात, ती धाकट्या भावंडांचा स्वयंपाक करून, जनावरांचं शेण काढून वर्गात येतात. मोळ्या बांधणं, पहाटे थंडीत गाडी भरणं, हे १२० तासांचं काम त्या मुलाचं पहिल्याच पंधरवड्यात पुरं होतं. पण फडावरचा मुकादम लेटरहेडवर सही-शिक्का देत नाही. त्यामुळे श्रेयांक शून्य.

या सगळ्यावर देखरेख ठेवायला समित्या असतात, असं मला सांगितलं जातं. समित्या येतात, हे खरं आहे. समितीच्या आदल्या रात्री एका खोलीच्या दारावर 'संशोधन कक्ष' अशी पाटी चढते. सकाळी रंग ओला असतो म्हणून दार सताड उघडं ठेवतात. आत लॅबमधून उचलून आणलेले चार संगणक मांडलेले असतात. त्यांच्या वायरी टेबलामागे लोंबत असतात, कारण त्या भिंतीत प्लगच नाही. समिती दारात उभी राहून मान डोलावते, चहा घेते, काजू खाते, फाइल उघडते आणि पानांना क्रमांक घातलेत का ते बघते. घातलेले असतात. त्या बाबतीत आम्ही फार काटेकोर आहोत. मग शाल, श्रीफळ, एकत्र फोटो. समितीची गाडी वेशीबाहेर पडायच्या आत संगणक लॅबकडे परत निघालेले असतात. अहवालात लिहिलेलं असतं: सोयी समाधानकारक.

'अहो, अमेरिकेत चारच वर्षांची पदवी असते,' हे वाक्य प्रत्येक कार्यशाळेत कुणी ना कुणी बोलतंच. असते की. तिथे दोन वर्षांची सरकारी कम्युनिटी कॉलेजंही आहेत. त्यांना चार वर्षांची पदवी द्यायची परवानगी मिळाली तेव्हा काय झालं, हे सांगणारा वक्ता मात्र मला भेटलेला नाही. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये त्यासाठी कायदा केला. राज्यात शंभराहून जास्त कम्युनिटी कॉलेजं. परवानगी जास्तीत जास्त पंधरा ठिकाणी, तीही प्रत्येकी एकाच अभ्यासक्रमाची, आणि तीही प्रयोग म्हणून. अटी दोन: सरकारी विद्यापीठात जी पदवी आहे तिचीच नक्कल काढायची नाही, आणि आपल्या भागात त्या कामाची माणसं कमी पडतात हे आधी दाखवून द्यायचं. म्हणून कुठे दातांच्या आरोग्याची पदवी निघाली, कुठे मोटार तंत्रज्ञानाची, आणि सायप्रस कॉलेजात चक्क अंत्यविधी व्यवस्थापनाची. असं काही वर्षं चालवून पाहिल्यावर २०२१ मध्ये तिथे ही सोय कायमची झाली.

आपल्याकडे आराखडा सगळ्यांना, सगळ्या विषयांत, एका दमात लागू. आमच्या भागात कुठली माणसं कमी पडतात, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. अंत्यविधीची पदवी मात्र आपल्याला वेगळी काढावी लागणार नाही. सरकारी शिक्षणाच्या बाबतीत तो अभ्यासक्रम प्रात्यक्षिकांसह चालू आहे.

कुणी म्हणेल, आयोगाने दर्जाची काळजी घेतली आहे. घेतली आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. चौथ्या वर्षी ज्याला संशोधनासह ऑनर्स करायचं त्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक लागतात. अट योग्यच आहे. मार्गदर्शक नसताना संशोधन कसलं करणार? पण आमच्या बहुतेक विभागांत कायम माणूस एक आहे, किंवा तोही निवृत्त झालाय. म्हणजे संशोधनाचं चौथं वर्ष शहरातल्या जुन्या, स्वायत्त, भरल्या स्टाफच्या कॉलेजांत होणार. तिथून पीएच.डी.चं दार थेट उघडणार. २०२४ पासून चार वर्षांच्या पदवीवर नेटलाही बसता येतं, तेही ७५ टक्के असले तर. आमच्या मुलाला मिळणार नुसतं ऑनर्स, तेही सीएचबीच्या भरवशावर. किंवा त्याने चौथ्या वर्षासाठी गाव सोडायचं. निजामाच्या काळात आमच्या आजोबांसाठी हैदराबाद होतं, आमच्या पोरांसाठी पुणे. एवढ्या वर्षांत मुक्कामाचं गाव तेवढं बदललं.

धोरणाला तालुक्याचं लहान कॉलेज मुळात नकोच आहे. २०४० पर्यंत प्रत्येक संस्था बहुविद्याशाखीय व्हावी, तिथे तीन हजार किंवा जास्त विद्यार्थी असावेत, असं त्यातच लिहिलंय. आमच्या तालुक्यात एवढे पदवीचे विद्यार्थी उभे करायचे तर बाप-लेक एका बाकावर बसवावे लागतील. तेव्हा चौथं वर्ष हा आमचा सन्मान नसून सन्मानाने दिलेला नारळ आहे, अशी मला दाट शंका येते. लहान कॉलेजाला आधी न पेलणारं ओझं द्यायचं, मग पेललं नाही म्हणून शेरा मारायचा, आणि शेवटी मोठ्या कॉलेजात विलीन करायचं. विलीन झालेल्या कॉलेजकडे एसटी जात नाही, हे विलीन करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, कारण ते एसटीने जात नाहीत.

आणि ज्या मुली मध्येच गळतात त्यांचं काय? त्यांचीही सोय लावली आहे. पहिल्या वर्षानंतर ४० श्रेयांक आणि वर चार श्रेयांकांचं कौशल्याचं काम केलं की सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं, दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन. पूर्वी एखादी हुशार मुलगी दिवाळीनंतर दिसेनाशी झाली की आम्ही तिच्या घरी जायचो. लग्न ठरलंय म्हणाले तर बापाशी वाद घालायचो. क्वचित एखादी परत यायची. आता ती अहवालात गळतीच्या रकान्यातून निघून यशाच्या रकान्यात जाते. तीन वर्षांच्या आत परत या, सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करा, अशी उदार सवलतही आहे. ज्याने हा नियम लिहिला त्याने आमच्याकडच्या सासूशी एकदा बोलून बघावं.

मुलं मोठ्या माणसांइतकी भोळी नसतात. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने मला व्हरांड्यात गाठलं.

"सर, चौथं वर्ष केल्यावर एमपीएससीला काही फायदा?"

"नाही रे. पदवी लागते. तीन वर्षांची चालते."

"अन् पोलिस भरतीला?"

"तिथे बारावीच चालते."

"मंग कशाला करायचं, सर?"

मी त्याला चौथ्या वर्षानंतरच्या एक वर्षाच्या एम.ए.चं सांगितलं, नेटचं सांगितलं. तो मान डोलावत राहिला, आणि मग म्हणाला, "सर, तुमच्या डिपार्टमेंटला तर नेट होऊन बसलेले सर सोयाबीन काढायलेत." यावर अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही.

मग हे चौथं वर्ष हवंय कुणाला? यादी करू. सरकारला हवंय, कारण २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचं आहे, आणि तेच पोरगं एक वर्ष जास्त पटावर राहिलं तर आकडा फुगायला मदतच होते. संस्थेला हवंय, कारण फीची एक पावती वाढते आणि प्रवेशद्वारावर एक ओळ वाढते. प्राचार्यांना हवंय, कारण नॅकच्या अहवालात लिहायला एक परिच्छेद मिळतो. आम्हा कायम प्राध्यापकांना हवंय, कारण विद्यार्थी घटत चाललेत, तास कमी पडले तर पद अतिरिक्त ठरतं, आणि चौथं वर्ष आलं की वर्कलोड वाचतो. प्राध्यापक संघटनांचा एरवी एवढा खणखणीत आवाज या विषयावर का बसला, याचं कोडं इथे सुटतं. सीएचबीवाल्यांना हवंय, कारण चार तास जास्त मिळतील या आशेवर त्यांची दिवाळी आहे. व्यासपीठावरच्या आणि समोरच्या पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाचा यात काही ना काही हिस्सा आहे. ज्याच्या नावाने हे सगळं चाललंय, तो मात्र व्हरांड्यात उभा राहून विचारतोय, मंग कशाला करायचं.

यावर ठरलेला युक्तिवाद येतो: पैसा कुठून आणायचा? अगदी योग्य प्रश्न, आणि त्याचं उत्तर सरकारनेच सरकारला दिलेलं आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा, असं कोठारी आयोगाने साठच्या दशकात सांगितलं. २०२० च्या धोरणाने तेच सहा टक्के पुन्हा छापले. बाकी धोरण तातडीने लागू झालं: श्रेयांक लागू झाले, नवी आद्याक्षरं लागू झाली, पोर्टलं लागू झाली. सहा टक्के तेवढे छापील राहिले.

मी चौथ्या वर्षाच्या विरोधात नाही. फुकटच्या चौथ्या वर्षाच्या विरोधात आहे. माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. ज्या विषयाला दोन कायम शिक्षक नाहीत, त्या विषयात चौथं वर्ष सुरू करायचं नाही. मग तो आमदारांचा पुतण्या चालवत असलेलं कॉलेज असो की माझं स्वतःचं. वर्षाची मंजुरी आणि पदांची मंजुरी एकाच शासन निर्णयात, वित्त विभागाच्या सहमतीसह, एकाच दिवशी निघाली पाहिजे. प्रत्येक कॉलेजने प्रवेशाच्या खिडकीवर तक्ता लावावा: विषय, मंजूर पदं, भरलेली पदं, तासिकेवरचे शिक्षक. हॉटेलातसुद्धा काय शिल्लक आहे ते पाटीवर लिहितात.

आणि चौथं वर्ष द्यायचंच तर कॅलिफोर्नियाच्या कायद्यातली अक्कल घ्या, नुसती वर्षांची संख्या नको. एका तालुक्याला एक किंवा दोन विषय द्या, पण तिथल्या मातीतले. आमच्या जिल्ह्यात ऊसतोड कामगार आहेत, कोरडवाहू शेती आहे, टँकर आहेत, बुडालेल्या पतसंस्था आहेत. ग्रामीण पतव्यवहार, पाण्याचं अर्थशास्त्र, स्थलांतरित मजुरांचे प्रश्न, यांवर चौथं वर्ष चालवायला बीडइतकी प्रयोगशाळा देशात दुसरी मिळणार नाही. फडावर जाऊन मजुरांच्या उचलीचा हिशोब लिहून आणणारा विद्यार्थी हा खरा संशोधक होईल, आणि ते काम त्याला पुण्याच्या मुलापेक्षा चांगलं जमेल, कारण तो हिशोब त्याच्या घरातला आहे. तीन-चार कॉलेजांनी मिळून असा एक विभाग चालवावा. तिथे कायम माणसं द्या, मुलींचं वसतिगृह द्या, एसटीची फेरी द्या. एवढं दिलंत तर मी स्वतः फ्लेक्स लावीन, आणि तुमचा फोटो माझ्यापेक्षा मोठा घेईन.

हे होणार नाही, एवढं व्यवहारज्ञान मला आहे. म्हणून शेवटचं सांगणं सरकारला नाही, पालकांना आहे. जूनमध्ये पोराला घेऊन कॉलेजात याल तेव्हा तुम्हाला रंगीत माहितीपत्रक देतील. ते पिशवीत घाला. फी भरण्याआधी खिडकीतल्या क्लार्कला एवढंच विचारा: या विषयाला कायमचे मास्तर किती? सरळ आकडा सांगितला तर पैसे भरा. आकडा सांगायच्या आधी तो प्राचार्यांच्या केबिनकडे बघायला लागला, तर पैसे खिशात परत घाला आणि मोठ्या आवाजात तोच प्रश्न पुन्हा विचारा, मागच्या रांगेतल्यांना ऐकू जाईल असा.